वाचकांचे प्रश्न : कोणती संहिता कोणत्या परीक्षकाकडे?

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था एकांकिका-लेखन स्पर्धा घेते. संहिता येतील त्या क्रमाने सारखे गठ्ठे करून आम्ही त्या परीक्षकांकडे पाठवतो. यंदा विडी कामगार स्त्रियांवरील, तेलुगूमिश्रित मराठी संवादांच्या एका संहितेवर ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा आला आणि गुणही फार कमी मिळाले. वाटपाची याहून चांगली पद्धत कोणती?
— एक कार्यवाह, सोलापूर

उत्तर : ही संहिता चुकीच्या हाती पडली असावी, असे त्या शेऱ्यावरून वाटते. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगुभाषक घरातली आई मुलीशी बोलताना मराठीतून तेलुगूत जाते आणि पुन्हा मराठीत येते. ते त्या पात्राचे बोलणे आहे, लेखकाचा दोष नव्हे. कारखान्यात विड्या तपासताना छाट, म्हणजे नापसंत ठरलेल्या विड्या, बाजूला काढला जातो आणि तेवढी मजुरी बुडते, हे ज्याला ठाऊक नाही, तो परीक्षक कितीही नामवंत असला तरी अशा प्रसंगातील ताण त्याला जाणवणार नाही.

म्हणून संहिता पाठवण्यापूर्वी प्रत्येक परीक्षकाकडून लेखी माहिती घ्यावी : कोणता नाट्यप्रकार तो आवडीने वाचतो, कोणता त्याला नकोसा वाटतो, कोणत्या बोली त्याला कळतात आणि शहरातील कोणत्या लेखकांना त्याने शिकवले आहे किंवा कोणाबरोबर काम केले आहे. यातील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नावे झाकून सांकेतिक क्रमांक द्यायलाच हवेत, परंतु नाटकवाल्यांचे वर्तुळ लहान असते आणि कच्चा खर्डा तालमीच्या जागी अनेकांनी ऐकलेला असतो. तेव्हा ओळखीची संहिता कारण न विचारता परत घेण्याची सोय ठेवावी. आलेल्या संहितांचा प्रकार, बोली आणि विषय यांची नोंद परीक्षक नसलेल्या एखाद्या सभासदाने करावी. दर्जाविषयी मात्र त्याने अवाक्षरही लिहू नये.

तथापि केवळ जाणकाराच्या हवाली करणेही योग्य नाही. 1930 च्या सोलापुरातील मार्शल लॉवरची एकांकिका फक्त इतिहासाच्या अभ्यासकाकडे गेली, तर 12 जानेवारी 1931 रोजी चार हुतात्म्यांना दिलेल्या फाशीचे तपशील तो चोख तपासेल, पण दुसरा प्रवेश रंगमंचावर उभा राहतो की नाही, हे तपासायचे राहून जाईल. यासाठी प्रत्येक संहिता दोघांनी वाचावी : एक विषयाचा किंवा बोलीचा जाणकार आणि दुसरा नाटक बसवणारा. त्यांच्या गुणांत मोठी तफावत पडली, तर सरसकट सरासरी काढू नये, कारण सरासरीत मतभेदाचे कारणच बुजून जाते. दोघांना समोरासमोर बसवावे आणि तरीही एकमत झाले नाही तर तिसऱ्याकडे द्यावे.

काही परीक्षक सढळ हाताने गुण देतात, काही हात आखडता घेतात. गठ्ठे वाटण्याआधी सर्वांनी त्याच दोन-तीन जुन्या संहिता तपासून चर्चा केली, तर हा फरक बराच कमी होतो.

यंदाचा निकाल अद्याप जाहीर झाला नसेल, तर ती संहिता तेलुगू व मराठी दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या दिग्दर्शकाकडे आधीचा शेरा न दाखवता पुन्हा वाचायला द्यावी.