मास्तरांचं चरित्र अन् मोठ्या बाईची ओळ

प्रश्न : ताई, जय भीम. आमचं गाव दिग्रसपासून आत आहे, एसटी दिवसातून दोनदा. पुढच्या वर्षी आमच्या मास्तरांची जन्मशताब्दी (नाव नका छापू) अन् विहार कमिटीनं मले त्यांचं चरित्र लिहायला सांगतलं. मास्तर 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहात जेलात गेले, गावची विहीर आपल्या लोकांले खुली झाली ती त्यांच्यामुळं, आमच्या घरोघरी बाबासाहेबांच्या बाजूले त्यांचा फोटो. पण वर्षभर म्हाताऱ्या लोकांशी बोलून राहिलो तं दोन गोष्टी निघाल्या. विहिरीचं पाणी पहिल्यांदा भरलं ते पाच-सहा बायांनी, मास्तर त्या दिवशी यवतमाळले होते. अन् दुसरं, पहिल्या बायकोले त्यांनी माहेरी धाडलं ते परत आणलंच नाई, पोटगी नाई काही नाई, ती मोठी बाई आता नव्वदीत आहे, भाच्याकडे राहते. कमिटी म्हणते हे छापलं तं विरोधकांच्या हातात कोलीत. काय करू?

उत्तर : जय भीम दादा. आधी विहीर. यात लपवण्यासारखं आहे काय बाप्पा? अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन लूथर किंग म्हटलं की माँटगोमेरी शहरातला बस बहिष्कार आठवतो, बसमध्ये काळ्यांना गोऱ्यांसाठी सीट सोडावी लागे म्हणून केलेला, 381 दिवस लोक पायी चालले. तेव्हा किंग 26 वर्षांचे अन् त्या शहरात नवेच. पण जिच्या अटकेवरून हा बहिष्कार सुरू झाला त्या रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी, मार्च 1955 मध्ये, क्लॉडेट कोल्व्हिन नावाच्या 15 वर्षांच्या पोरीनं सीट सोडली नाही म्हणून तिला अटक झाली होती, बहिष्काराची पत्रकं रातोरात काढली ती जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजातल्या बाईनं, अन् बसमधला भेदभाव मोडणारी केस कोर्टात जिंकली तिच्यात हीच कोल्व्हिन एक वादी होती. किती वर्षं पुस्तकांत या बायांना जागाच नव्हती. तुमच्याकडं त्या पाच-सहा जणींची नावं सांगणारी माणसं अजून आहेत, तर नावानिशी लिहा, कोणाच्या हातात कळशी होती, कोण मागं राहिली, शिव्या कोणी दिल्या, सगळं. मास्तर यवतमाळले होते तर यवतमाळले होते, तिथं काय करत होते तेही शोधा.

कोलीताचं म्हणाल तर किंग यांच्याच कागदांचं पाहा. त्यांच्या पत्नी कोरेटा यांनी 1985 मध्ये त्यांचे कागद संपादित करायला इतिहासकार क्लेबॉर्न कार्सन यांच्याकडं सोपवले, अन् त्याच टीमला दिसलं की पीएचडीच्या प्रबंधात बरेच उतारे दुसऱ्यांचे आहेत, उल्लेख न करता घेतलेले. बोस्टन विद्यापीठाच्या समितीनं 1991 मध्ये ते मान्य केलं, डिग्री मात्र काढून घेतली नाही. घरच्याच लोकांनी मूळ उतारा अन् प्रबंध शेजारी ठेवून दाखवलं, मग विरोधकांना नवीन सांगायला काय उरलं?

याच किंगवर एफबीआयनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास पोलिसांनी, पाळत ठेवली, हॉटेलच्या खोल्यांत माइक लावले, 1964 मध्ये निनावी पत्र अन् टेप पाठवली, पत्राचा रोख असा की आता जीव दे. त्यांचे बाहेरचे संबंध होते हे त्यांचे जिवलग सहकारी राल्फ ॲबरनथी यांनीही 1989 मध्ये आत्मचरित्रात लिहिलं. म्हणजे गोष्ट एकच, पण पोलिसांनी कशासाठी जमवली अन् मित्रानं कशासाठी सांगितली हे लिहिणाऱ्यानं तपासायचं असतं. तुमच्या मोठ्या बाईची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? मास्तरांच्या विरोधातल्या पार्टीनं असेल तर त्यावर एक अक्षर लिहू नका, आधी त्या आजीकडं जा.

अन् ती म्हणाली नको छापू, तर तिचं दुःख तिच्यापाशी राहू द्या, नावही नका टाकू. पण मास्तरांनी पहिल्या पत्नीला परत आणलं नाही, पोटगी दिली नाही, एवढी ओळ दोन-तीन ठिकाणाहून पक्की झाली की आलीच पाहिजे, कारण ते मास्तरांनी केलेलं आहे. ती त्या-त्या सालात टाका, जेल अन् शाळेच्या मधे जिथं येते तिथं. शेवटी 'काही उणिवा' म्हणून अर्धं पान नको, ते वाचताना मला नेहमी दंड भरल्यासारखं वाटतं.

कमिटीच्या मीटिंगमध्ये बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण वाचून दाखवा. धर्मात भक्ती चालेल, पण राजकारणात भक्ती अन् विभूतिपूजा म्हणजे अधोगती अन् शेवटी हुकूमशाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. ज्या घरात त्यांचा फोटो आहे त्या घराला हे जड जाऊ नये. जाईल तरी थोडं, मला माहीत आहे.

आजीकडं पावसाळ्याआधीच जा, नव्वदीतल्या माणसाला पुढची तारीख देऊ नये. सोबत घरातली एखादी बाई न्या, कमिटीवाल्यांना नेऊ नका, मोबाइलचं रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय सुरू करू नका. अन् पिशवीत मास्तरांचा फोटो असेल तर तो घरीच ठेवून जा.