टोपे: टोपीतून की तोफेतून?

‘तात्या टोपे तोफखान्यावर होते, म्हणून मुळात ते तोपे, हे खरं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. मला ही व्युत्पत्ती पटत नाही.

आपला शब्द तोफ. हिंदीत तोप म्हणतात, पण दोन्हीकडे त दंत्यच. त्याचा ट होण्याचं कारण दिसत नाही. शिवाय हे घर येवल्याचं. दुसऱ्या बाजीरावाबरोबर गंगाकाठी बिठूरला गेलं तरी घरात मराठीच. तिथे तोफेवरून नाव पडलं असतं तर त्यात फ उरला असता. तोफखाने हे आडनाव आपल्याकडे आहेच. घोटाळा रोमन लिपीने केला. तिच्यात त आणि ट दोन्हींना एकच अक्षर! इंग्रजी कागदांतून वाचणाऱ्याला तोपे आणि टोपे यांत फरक कळणार कसा?

उलट बाजीरावाने खूश होऊन रत्नजडित टोपी दिली आणि रामचंद्र पांडुरंग येवलेकरांचे टोपे झाले, असं परंपरेने सांगतात. ही हकिगत कागदाने सिद्ध झालेली नसली, तरी उच्चाराला ती बरोबर बसते.

मला मात्र आणखी एक शब्द राहून राहून आठवतो: टोपीकर. जुन्या मराठी पत्रांत गोऱ्यांना हाच शब्द. त्या टोपीकरांच्या जनरल विंडहॅमला या टोप्यांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये कानपुरात मागे रेटलं. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर घेतलं. ते हातचं गेल्यावर राजपुताना, माळवा, नर्मदेपलीकडे असे कित्येक महिने पलटणींना पळवत ठेवलं. अखेर नरवरच्या मानसिंग या सरदाराने दगा दिला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला, त्यांना फाशी झाली.

‘तांत्या’ हे रूपही Tantia या इंग्रजी स्पेलिंगमधूनच रुळलेलं दिसतं. तात्या हे आपलं घरगुती, आदराचं संबोधन. त्यात अनुस्वार नाही. त्याच स्पेलिंगने तंट्या भिल्ल या मध्य भारतातल्या बंडखोराचंही नाव लिहिलं गेलं, त्यामुळे आजही दोघांची गल्लत होते. तंट्याला फाशी झाली १८८९ मध्ये, तीस वर्षांनी.

पकडल्यावर तात्यांची जी जबानी इंग्रजीत उतरली, तिच्यात वडिलांचं गाव ‘जोला, परगणा पाटोदा, जिल्हा नगर’ असं आहे. पाटोदा येवल्याशेजारीच. तेव्हा ते जोला म्हणजे येवलाच.