वर्डमधून डिटाकडे जाताना एक्सएमएल एडिटर कसा निवडाल?

तुमचा प्रश्न असा आहे: टीममधले लेखक आतापर्यंत वर्डमध्ये मॅन्युअल लिहीत होते, आता डिटा (मॅन्युअल छोट्या तुकड्यांत, एक्सएमएल टॅग लावून लिहिण्याची पद्धत) वापरायचं ठरलंय, फाइली गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) राहणार, मग फुकटचा व्हीएस कोड पुरेल, की ऑक्सिजनसारखा विकतचा एडिटर घ्यावा?

फीचर्सचे तक्ते बघण्याआधी एक चाचणी कराच. तुमच्याकडचा सगळ्यात किचकट टॉपिक (डिटातला एका विषयाचा तुकडा) घ्या: यादीत टेबल, टेबलात कॉनरेफ (दुसरीकडून संदर्भाने उचललेला मजकूर), खाली कोडब्लॉक. तो गिटमध्ये टाका, एडिटरमध्ये उघडा, एकच शब्द बदला, सेव्ह करा आणि डिफ, म्हणजे आधीच्या आणि आताच्या फाइलीतला फरक, बघा. बदललेली ओळ एकच दिसली पाहिजे. काही एडिटर सेव्ह करताना अख्खी फाइल स्वतःच्या पद्धतीने लावून टाकतात. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, इंडेंट बदलतो. मग खरा बदल त्या पसाऱ्यात हरवतो आणि रिव्ह्यू करणारा वैतागून न वाचताच मंजुरी देतो. हे सेटिंगमधून बंद करता येतं का आणि ते सेटिंग सगळ्यांच्या मशीनवर सारखं ठेवता येतं का, हे नीट तपासा. माझ्या मते इथे नापास झालेला एडिटर कितीही देखणा असला तरी बाद.

दुसरी गोष्ट, एंटर दाबल्यावर काय होतं? वर्डची सवय असलेल्याला तिथे नवा परिच्छेद हवा असतो. पण डिटाच्या टास्कमध्ये (कृती सांगणाऱ्या टॉपिकमध्ये) स्टेपच्या आत सीएमडी (सूचनेचा टॅग) लागतोच, आणि परिच्छेद थेट स्टेपमध्ये चालत नाही, तो इन्फोमध्ये (जादा माहितीच्या टॅगमध्ये) टाकावा लागतो. चांगला एडिटर त्या जागी चालणारे एलिमेंट (टॅग) समोर ठेवतो; लेखकाला स्कीमा, म्हणजे कुठे कोणता टॅग चालतो याचे नियम, पाठ करावी लागत नाही.

व्हीएस कोडमध्ये रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेंशन घातलं की व्हॅलिडेशन (टॅग नियमांत बसतात का याची तपासणी) आणि ऑटोकम्प्लीट छान मिळतं. टॅगची भीती नसलेल्यांना ते पुरतं. पण कॉनरेफच्या जागी तिथे नुसता पत्ता दिसतो. ऑक्सिजनच्या ऑथर मोडमध्ये (टॅगऐवजी वर्डसारखं पान दाखवणाऱ्या) किंवा एक्सएमएलमाइंड या एडिटरमध्ये उचललेला मजकूर जागच्या जागी दिसतो, त्यामुळे वाक्य पूर्ण वाचता येतं. मजकुराचा पुनर्वापर हेच डिटाकडे जाण्याचं कारण असेल, तर रोज लिहिणाऱ्यांसाठी हा खर्च मला योग्य वाटतो. अधूनमधून एखादी दुरुस्ती करणाऱ्या डेव्हलपरांना व्हीएस कोडच राहू द्या. सगळ्यांसाठी लायसन्स घ्यायची गरज नाही.

पीडीएफ कसा निघतो यावरून मात्र एडिटर निवडू नका. डिटा फाइलींतून पीडीएफ बनवणारं डिटा ओपन टूलकिट मोफत आहे, वेगळं चालवता येतं. ते सर्व्हरवर एकाच आवृत्तीत ठेवा, म्हणजे ज्याच्या-त्याच्या मशीनवर वेगळं आउटपुट निघणार नाही.

स्कीमाट्रॉनचा (एक्सएमएलसाठी नियम लिहायच्या भाषेचा) सपोर्टही बघून घ्या. ‘प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर हवा’ यासारखे टीमचे नियम त्यात लिहिता येतात आणि चूक लिहितानाच दिसते. तीच नियमांची फाइल सर्व्हरवर चालवली की व्हीएस कोडवाल्यांनाही तेच नियम लागू होतात.

ट्रायल लायसन्स घेतलंत की ते टीममधल्या टॅगला सगळ्यात बिचकणाऱ्या लेखकाकडे द्या. नमुन्याची फाइल नको, चालू कामातला खरा टॉपिक द्या, टेबलासकट, आणि लेखक कुठे अडतो ते शेजारी बसून बघा.