एनडीएसाठी एक वर्ष थांबावे, की पदवीनंतरच्या मार्गाने जावे?

तुम्ही विचारले आहे की बारावी झाली, एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) एसएसबीतून, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड चाचण्या व मुलाखतीतून, शेवटच्या दिवशी परत यावे लागले आणि या मे महिन्यात वय १८ वर्षे ३ महिने आहे. तर महाविद्यालयात प्रवेश न घेता वर्षभर एनडीएचीच तयारी करावी का?

आधी वयाचा हिशेब करा. साडेएकोणीस वर्षांची मर्यादा अर्जाच्या नव्हे, तर प्रशिक्षण सुरू होण्याच्या सुमारास मोजली जाते. सप्टेंबरमध्ये परीक्षा देणारी मुले पुढच्या जुलैमध्ये खडकवासल्याला प्रबोधिनीत दाखल होतात, तेव्हा तुम्ही १९ वर्षे ५ महिन्यांचे असाल. त्यानंतरच्या एप्रिलच्या परीक्षेची तुकडी जानेवारीत जाते आणि तोवर तुमचे वय उलटून गेलेले असेल. म्हणजे यापुढे तुमच्याकडे एकच प्रयत्न आहे. तो अवश्य करा, पण पदवीला प्रवेश घेऊन आणि एनसीसीत नाव नोंदवून करा.

मी प्रवेश घेतला नव्हता. बारावीनंतर घरी बसून लेखी परीक्षा पुन्हा उत्तीर्ण झालो आणि एसएसबीतून पुन्हा परत आलो, कारण वर्षभर गणिताखेरीज मी काहीच केले नव्हते आणि मुलाखतीत सांगण्यासारखे नवे काही माझ्यापाशी नव्हते. पुढे महाविद्यालयात शिबिरे केली, एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवले आणि त्या आधारावर लेखी परीक्षेविना थेट एसएसबीला गेलो. चाचण्या त्याच होत्या, मी मात्र बदललो होतो. तिथून चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे लष्करी अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, पोहोचलो.

सीडीएसमधून, म्हणजे पदवीधरांसाठीच्या संरक्षण सेवा परीक्षेतून, देहरादूनच्या आयएमएत (भारतीय लष्करी अकादमीत) गेल्यास कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळते. ओटीएतून मिळणारे अल्पसेवा कमिशन दहा वर्षांचे असते व ते चार वर्षे वाढू शकते. आयुष्यभराची सेवा हवी असेल, तर हा फरक लहान समजू नका. ओटीएसाठी गणिताची प्रश्नपत्रिका नसते, हे मात्र अनेकांच्या सोयीचे ठरते. अभियांत्रिकीकडे ओढा असेल आणि जेईई मेन दिली असेल, तर बारावीनंतरचा टीईएस, म्हणजे लष्कराची तांत्रिक प्रवेश योजना, हाही मार्ग आहे. पण त्याचीही वयोमर्यादा साडेएकोणीसच आहे.

पदवीनंतर सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालात, तर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातील उमेदवारांना एसएसबीची तयारी विनामूल्य करून देतात, तिथे जरूर जा. तूर्त, गटकार्यात तुम्ही कुठे गप्प बसलात आणि मुलाखतीत कोणत्या प्रश्नावर अडखळलात, ते आठवणी ताज्या आहेत तोवर वहीत लिहून ठेवा.