शाळेत डिझाइन आणि टेक्नॉलॉजी शिकवायची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या शाळेत आठवी-नववीला हा विषय तुमच्याकडे आलाय. लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आहे, किट्स आहेत, पण मुलं यूट्यूबवर बघून जसंच्या तसं जोडतात.

पहिलं सत्र किटचं कपाट सरळ कुलूपबंद ठेवा. मी ठाण्यात हेच शिकवतो आणि फजिती झाल्यावर शहाणा झालोय. पहिल्या वर्षी आमच्या मुलांचा काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो प्रदर्शनात झकास पळाला. परीक्षकांनी विचारलं, सेन्सर इथेच का लावला? पोरगा म्हणाला, "सर, भोक तिथेच होतं."

पुढच्या जूनमध्ये मी विषय दिला तो वर्गाबाहेर ठिबकणाऱ्या छत्र्यांचा. स्टँड बनवा म्हटल्यावर सगळ्यांनी काठीसारख्या लांब, वाकड्या मुठीच्या छत्र्या काढल्या. तशी छत्री वर्गात कुणाकडेच नव्हती! मग पट्टी घेऊन प्रत्येक छत्री मोजायला लावली. बहुतेक घडीच्या निघाल्या, मनगटात अडकवायच्या दोरीच्या. झालं, डिझाइन तिथेच बदललं.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा. किराणावाल्याकडची खोकी चालतात. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या ठेवल्या तर तो वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर मुकाट्याने बसतो. हे आधी सांगू नका, बसू दे. आमचा तर अख्खा स्टँडच कलंडला, कारण दाराकडच्या बाजूलाच सगळ्यांनी छत्र्या अडकवल्या. दुसरा नमुना अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि ते जोडायचे टी व एल्बो (तीन तोंडांचे आणि काटकोनी जोड) वापरून केला. पाया रुंद, खालच्या पाइपात वाळू. तो घेऊन मुलं ऐटीत निघाली, तर मावशींनी अडवलं: "आणि खालचं पाणी? ते मीच पुसायचं ना?" त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. खाली ट्रे आला तो मावशींमुळे.

तासांचं म्हणाल तर दोन तास जोडूनच मागा. एका तासिकेत कात्र्या वाटून गोळा करण्यापलीकडे काही होत नाही. आणि दहावीचं वर्ष जवळ आलं की गणिताचे सर तुमचा तास मागायला येणारच. त्यांना छत्र्यांच्या मापांची सरासरी आणि आलेख दाखवा.

गुण वहीला जास्त द्या. मी ५० पैकी ३० देतो. फसलेल्या नमुन्याचं चित्र आणि तो का फसला हे वहीत हवंच. चकाचक मॉडेल पप्पांनी केलेलं असतं, खोडाखोड मात्र मुलांचीच असते.

जमलं तर एकदा पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथल्या शिक्षणात मुलं गावाच्या खऱ्या गरजेचं काम करतात, त्यामुळे वस्तू चालली की नाही हे वापरणाराच सांगतो.

प्रिंटर दुसऱ्या सत्रात काढा, तोही फक्त विकत न मिळणाऱ्या तुकड्यासाठी. आम्ही घडीच्या छत्रीच्या दोरीला बसेल असा हुक छापला. फिलामेंटचं, म्हणजे प्रिंटर वितळवून वापरतो त्या प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ मात्र सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा. तुमच्याकडे खाडीची दमट हवा. पावसाळ्यात उघडं राहिलं तर नोझलमधून, म्हणजे प्लॅस्टिक बाहेर पडतं त्या तोंडातून, तडतड आवाज येतो आणि छपाईला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात.