फुलांचा रतीब: शेतातून थेट दारात

प्रश्न : औसा तालुक्यात आमची ३० गुंठे फुलशेती असून तीत झेंडू, शेवंती आणि थोडा मोगरा आहे. आजवर सर्व माल लातूरच्या आडतीवर जातो. त्याऐवजी शहरातील घरांना रोज सकाळी पूजेची फुले थेट पोचवावीत, मागणी मोबाइलवर घ्यावी आणि पुढे पुण्यालाही गुलाबाचे गुच्छ पाठवावेत, असे पुतण्याचे म्हणणे आहे. यातील जमेच्या आणि कमकुवत बाजू कोणत्या?
— एक वाचक, औसा

उत्तर : पुतण्या ज्याला फुलांचा धंदा म्हणतो, तो खरे पाहता रतिबाचा धंदा आहे, आणि त्याचे यशापयश शेतापेक्षा वाटपाच्या रस्त्यावर अधिक ठरते.

आधी हिशेब मांडून पाहा. औसा ते लातूर सुमारे २० किलोमीटर. जाऊन-येऊन आणि गल्ल्यांतून फिरून दुचाकीला लिटरभराहून थोडे अधिक पेट्रोल लागेल, आणि मुलगा घरचाच असला तरी त्याच्या पहाटेच्या तीन तासांची मजुरी २५० रुपये धरलीच पाहिजे. म्हणजे एका फेरीचा खर्च साडेतीनशेच्या पुढे गेला. घरे ४० असतील तर पुडीमागे जवळजवळ ९ रुपये वाटपातच जातात, आणि पुडी दहा रुपयांची असेल तर फुले फुकट दिल्यासारखी होतात. तीच फेरी १२० घरांची झाली की हा खर्च ३ रुपयांवर येतो. म्हणून शहरभर विखुरलेली गिऱ्हाइके घेण्यापेक्षा एकमेकांना लागून असलेल्या दोन-तीन वसाहती धराव्यात.

जमेची बाजू केवळ आडत आणि हमाली वाचण्याची नाही. आडतीवर जी फुले टिकतच नाहीत, ती आपण विकू शकता, हे अधिक महत्त्वाचे. जास्वंदीचे उदाहरण घ्या. हे फूल एका दिवसाचे असते, त्यामुळे आडतीवर त्याला फारशी किंमत नाही. परंतु आदल्या सायंकाळी फुगलेली कळी खुडून ओल्या फडक्यात ठेवली, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाच्या देवघरात उमलते. मंगळवारी जास्वंद, चतुर्थीला दूर्वा, सोमवारी बेल असे वार पाळणारी पुडी बाजारात सहसा मिळत नाही. आमच्या घरी असा रतीब होता. फूल कोमेजलेले निघाले तर आई काही बोलत नसे, पण चतुर्थीला दूर्वा विसरल्या की त्या पोराची धडगत नसे.

पुडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये. २०१८ पासून राज्यात अशा पिशव्यांवर बंदी आहेच, शिवाय बंद पिशवीत फुलांना घाम सुटून मोगरा तांबूस पडतो. पळसाचे पान किंवा साधा कागद पुरेसा आहे. पावसात तोडलेली झेंडूची फुले पाणी निथळल्याशिवाय भरू नयेत, कारण ती दुपारपर्यंत काळी पडू लागतात.

कमकुवत बाजूंपैकी पहिली खाड्यांची. घरात सुतक आले की पूजा थांबते, उन्हाळ्यात माणसे गावी जातात, आणि महिनाअखेरीस गिऱ्हाईक खाडे वजा करून पैसे देते. फुले मात्र झाडावर थांबत नाहीत. म्हणून महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावेत, खाडा आदल्या रात्रीपर्यंत कळवण्याची अट घालावी आणि आडत्याशी संबंध मुळीच तोडू नयेत. दसऱ्याला सकाळी चढा असलेला झेंडूचा भाव दुपारनंतर कोसळतो, हे आपण पाहिलेच असेल. त्या दिवसाची मागणी आठवडाभर आधी ठरल्या दराने नोंदवून घेतल्यास निदान तेवढा माल सुरक्षित राहतो. मात्र दसऱ्याला आणि महालक्ष्म्यांना नेहमीच्या कितीतरी पट पुड्या एका दुचाकीवर मावणार नाहीत, तेव्हा त्या दिवसांपुरता टेम्पो ठरवावा.

दुसरी बाजू पाण्याची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते याच लातूरला. आडतीवर माल कमी गेला तर फक्त पट्टी, म्हणजे आडत्याकडून मिळणारी विक्रीची रक्कम, कमी येते, परंतु रतिबाचा शब्द दिला की मे महिन्यातही रोज पुडी द्यावीच लागते. आपल्या विहिरीला किंवा शेततळ्याला उन्हाळ्यात ठिबकपुरते पाणी किती गुंठ्यांना पुरते, ते मोजून तेवढीच घरे स्वीकारावीत.

पुण्याच्या गुच्छांचा विचार तूर्त सोडावा. कापलेल्या गुलाबाला वाटेत २ ते ४ अंश सेल्सिअस तापमान हवे, आणि आपल्याकडील उन्हात एसटीच्या टपावरून गेलेला गुच्छ गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगा उरत नाही.