हॉकीच्या ऑफिसात काम करणाऱ्याला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व कशाला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चुलत भाऊ अमेरिकेत आईस हॉकीच्या एका क्लबात ऑपरेशन्स, म्हणजे ऑफिसातला रोजचा कारभार, बघतो, आता तो तिथली सिटिझनशिप घेतोय आणि घरी काका चिडलेत. त्यांचं म्हणणं, खेळाडूने घेतली तर समजू शकतो, त्याला त्या देशाकडून खेळायचं असतं, पण ऑफिसात बसणाऱ्याला पासपोर्ट बदलायची काय गरज, पगार तर तसाही मिळतोयच. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ही आपल्या देशाशी बेईमानी तर नाही ना? मी मुंबईत बरीच वर्षं हॉकी खेळलोय (आपली, टर्फवरची) आणि आता चर्चगेटच्या ग्राउंडवर शाळांच्या मॅचेस असल्या की टेक्निकल टेबलवर (स्कोअर आणि वेळ बघणाऱ्यांच्या टेबलवर) बसतो, त्यामुळे टीमच्या मागे राबणाऱ्या माणसांशी माझा रोजचा संबंध आहे. माझं मत काकांच्या अगदी उलट आहे. खेळाडूपेक्षा मागे बसणाऱ्यालाच नागरिकत्वाची गरज जास्त असते, आणि ते का ते सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

काकांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, निव्वळ नोकरीसाठी ते लागत नाही. स्टीव्ह आयझरमन घ्या, कॅनडाचा आईस हॉकीपटू, खेळाडू म्हणून सगळं करिअर अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या क्लबात, खेळून झाल्यावर त्याच क्लबच्या मॅनेजमेंटमध्ये, आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला कॅनडाची टीम निवडली ती यानेच, आणि त्या टीमने फायनलला अमेरिकेलाच ३-२ हरवलं. म्हणजे पगार अमेरिकेतल्या क्लबचा आणि गोल्ड कॅनडाला, कोणाचंच काही अडलं नाही. आपल्याकडे बघा, हॉकी इंडियाच्या सीईओ एलेना नॉर्मन या ऑस्ट्रेलियाच्या, २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला तोवर जवळजवळ १३ वर्षं त्या पदावर होत्या. आपल्या टीमने टोकियोला २०२१ मध्ये इतक्या वर्षांनी मेडल आणलं तेव्हाही ऑफिस त्याच चालवत होत्या, आणि तेव्हाचे कोच ग्रॅहम रीड तेही ऑस्ट्रेलियाचेच. कोणाचा पासपोर्ट आड आला? भारतीय नागरिकत्व घ्यायचं तर आधीच्या १४ वर्षांतली ११ वर्षं इथे काढलेली हवीत, वर अर्जाआधीचं एक वर्ष सलग, आणि पहिलं नागरिकत्व सोडायला लागतं, तेवढं सगळं करायची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नाही आणि करूही नये.

मग तरीही एखादा माणूस घेतो ते का?

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे आणि तुमच्या भावाला ते पक्कं माहीत असणार. अमेरिकेत खेळाच्या धंद्यात नोकऱ्या जातात त्या फार पटकन जातात, सीझन खराब गेला की जनरल मॅनेजर जातो आणि नवा आला की तो आपली माणसं घेऊन येतो, जुन्या ऑफिस स्टाफला सामान आवरायला सांगतात. वर्क व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साधारण ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरा मालक शोधा नाहीतर बायकापोरं घेऊन निघा, मुलांची शाळा अर्ध्यात. ग्रीन कार्ड मिळालं की ती तलवार जाते, पण मग दुसरी अडचण. तिथल्या आईस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ टीम, त्यातल्या ७ कॅनडात, उद्या तिथून चांगली ऑफर आली आणि हा दोन-चार वर्षं तिकडे राहिला तर ग्रीन कार्ड धोक्यात, कारण आधी परवानगी न काढता वर्षभराहून जास्त बाहेर राहिलं की परत येताना प्रश्न सुरू. सिटिझन झालेला माणूस कुठेही जाऊन कितीही वर्षांनी आपल्या घरी परत येऊ शकतो. ज्या धंद्यात बदली आणि हकालपट्टी हे रोजचंच आहे त्या धंद्यातल्या माणसाने हे केलं तर त्याला लोभ म्हणू नका हो, संसार सांभाळणं आहे ते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ते मी जवळून बघितलंय. आमच्या बँकेच्या टीममध्ये एक सीनियर होते, वाकोल्याचे, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतले जुने स्थानिक ख्रिश्चन), सेंटर हाफला खेळायचे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. ते कॅनडात गेले, व्हँकुव्हरच्या बाजूला सरे म्हणून शहर आहे तिथे. नोकरी वेगळीच होती, हॉकी फक्त शनिवार-रविवारची, पण तिथे आपल्या पंजाबी लोकांची पोरं भरपूर आणि फील्ड हॉकी चांगली चालते, त्यामुळे हे आधी लहान मुलांना शिकवायला लागले, मग क्लबचे सेक्रेटरी झाले, मग सगळी कागदपत्रं, फी, विमा, पालकांचे फोन, टूर्नामेंटच्या एंट्र्या हे सगळं त्यांच्याच गळ्यात. आणि तिथे सगळ्यात मोठा झगडा कशाचा असतो माहितीये? टर्फचा. टर्फ नगरपालिकेचं, त्यावर फुटबॉलवाले पण हक्क सांगणार, संध्याकाळी सहाचा स्लॉट कोणाला आणि रात्री नऊचा कोणाला हे पालिकेत ठरणार. दहा वर्षांच्या पोरांना रात्री नऊचा स्लॉट दिला तर कोण आईबाप पाठवेल? तर हे दर वेळी पालिकेच्या मीटिंगला जाऊन बसायचे, व्यवस्थित तयारी करून बोलायचे, तिथले नगरसेवक ऐकून पण घ्यायचे. पण यांना मत नव्हतं. तिथे परमनंट रेसिडेंट, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळालेले, असलात तरी पालिकेला मत देता येत नाही, सिटिझनच लागतो. आपण मुंबईतली माणसं, नगरसेवक कोणाचं ऐकतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

ते मला फोनवर म्हणाले होते, "अरे, खेळाडू येतो, गोल मारतो, जातो. मी या लोकांच्या पोरांचे निर्णय घेतोय, कोणाला टीममध्ये घ्यायचं, कोणाची फी माफ करायची, आणि मीच इथे पाहुणा? बरं नाही वाटत." हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय कारण मीही इथे तेच काम करतो, फक्त मला ते करताना मी कुठला हा प्रश्न कधी पडला नाही. कॅनडात अर्ज करायला पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथे राहिलेले हवेत, मग परीक्षा, २० प्रश्नांतले १५ बरोबर यायला लागतात. यांनी त्या परीक्षेची तयारी क्लबमधल्या मोठ्या मुलांकडून करून घेतली, पोरं प्रॅक्टिसनंतर गोलपोस्टजवळ बसून यांना प्रश्न विचारायची, प्रांत किती, राजधानी कुठली, पहिला पंतप्रधान कोण. मला त्याचा फोटो पाठवलेला, सगळ्यांच्या शिनगार्ड अजून पायात आणि मध्ये हे गुडघे दुमडून बसलेत.

आता जे दुखतं तेही सांगतो, कारण काकांचा राग तिथूनच येतो असं मला वाटतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं आपोआप जातं, कोणी काढून घ्यायची गरजच नाही. पासपोर्ट सरेंडर करायला लागतो आणि तो रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. आमच्या या सीनियरनी तो परत आलेला पासपोर्ट वाकोल्याला आल्यावर आईला दाखवला, मी तिथेच होतो. गडद निळं कव्हर, आत सगळे जुने व्हिसे, टीमबरोबर मलेशियाला गेले होते त्याचा शिक्का, आणि पहिल्याच पानावर आडवा कॅन्सल्ड. आई बराच वेळ तो उलटसुलट करून बघत होती आणि मग तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आता तुला माझ्याकडे यायला परमिशन लागणार?" त्यांनी सांगितलं, नाही मम्मा, ओसीआय कार्ड असतं, आयुष्यभराचा व्हिसा आहे तो, कधीही ये, कितीही राहा. ती हो म्हणाली आणि चहा टाकायला उठली, पण तिला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पटावं असं काही त्यात नव्हतंच. आपला माणूस आपल्या घरी व्हिसावर येतो हे कुठल्याच आईला पटणार नाही. हे नुकसान खरं आहे आणि ते झालंच नाही असं दाखवू नये. माझं स्वतःचं मत, आपल्या कायद्याने जरा मोठं मन करावं, पण तो वेगळा विषय.

आणि असं फक्त आपल्याच बाबतीत होतं असं नाही. लू नॅनी म्हणून एक माणूस आहे, आईस हॉकीचा, तुमच्या भावाला नाव नक्की माहीत असेल. जन्म कॅनडातल्या सू सेंट मरी गावातला, नदीच्या पलीकडे त्याच नावाचं अमेरिकन गाव, इतकं सीमेवरचं. मिनेसोटाच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेला तो तिथलाच झाला. १९६७ मध्ये अमेरिकन नागरिक झाला आणि १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकला अमेरिकेच्या टीमचा कॅप्टन. तेव्हा कॅनडाचा कायदाही आपल्यासारखाच होता, दुसरं घेतलं की पहिलं गेलं, १९७७ मध्ये त्यांनी तो बदलला. काका म्हणतील, बघा, खेळाडूच होता ना. हो, पण पुढचं ऐका. ऑलिंपिक तो एकदाच खेळला, नंतर मिनेसोटा नॉर्थ स्टार्सकडून दहा वर्षं, आणि १९७८ ते १९८८ त्याच टीमचा जनरल मॅनेजर, त्याच्याच काळात १९८१ ला टीम पहिल्यांदा स्टॅनली कपच्या, म्हणजे त्या लीगच्या ट्रॉफीच्या, फायनलला पोचली. शिवाय तिथल्या हायस्कूल टूर्नामेंटची टीव्हीवरची कॉमेंट्री त्याने कित्येक दशकं केली, शाळेतल्या पोरांच्या मॅचेसची! एखादा माणूस त्या मातीचा झाला हे मी अशा गोष्टीवरून ओळखतो. ऑलिंपिकचं जॅकेट घालून दोन आठवडे कोणीही फिरेल, पण पन्नाशी-साठीत परक्यांच्या पोरांच्या मॅचला हौसेने बसणं, ते आपलं मानल्याशिवाय होत नाही.

राहिला बेईमानीचा प्रश्न, तो तुम्ही शेवटी विचारलाय. जबलपूरचे पिअर्स भाऊ माहितीयेत? अँग्लो-इंडियन कुटुंब, स्वातंत्र्याच्या सुमारास ऑस्ट्रेलियात पर्थला गेलं, आणि पाचही भाऊ ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले, एरिक तर चार ऑलिंपिक. १९६८ ला मेक्सिकोत सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने आपल्याला २-१ हरवलं आणि १९२८ पासून गोल्ड-सिल्व्हरच्या खाली कधी न उतरलेला भारत पहिल्यांदा ब्राँझवर आला, तर त्या ऑस्ट्रेलियन टीममध्ये तीन पिअर्स होते. आमच्या ग्राउंडवर जुने लोक अजून हे सांगतात, आणि मी त्यांना कधी रागाने सांगताना ऐकलेलं नाही, उलट छाती फुगवून सांगतात की पोरं आपल्याकडची होती, स्टिक धरायला जबलपूरला शिकली. आज आंतरराष्ट्रीय हॉकी फेडरेशनचे अध्यक्ष तय्यब इक्रम, मूळचे पाकिस्तानचे, पण निवडून आले ते चीनमधल्या मकावचे म्हणून. हॉकीत हे इतकं जुनं आणि सवयीचं आहे की या खेळातली माणसं त्याला बेईमानी म्हणत नाहीत. बेईमानी म्हणजे दोन्हीकडचे फायदे घेऊन कुठलीच जबाबदारी न घेणं. तुमचा भाऊ तर उलट करतोय, तिथे टॅक्स भरतच होता, आता ज्युरी ड्यूटी आणि मतदान पण अंगावर घेतोय.

आता जरा कामाचं. भावाला सांगा की नागरिकत्वाची शपथ झाली की भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, अगदी तारीख शिल्लक असली तरी नाही, पासपोर्ट कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि दंड बसतो. आधी सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआयचा अर्ज, आणि हे होईपर्यंत भारतात यायचं तिकीट काढू नका, घरात लग्नकार्य असेल तर तारखा बघूनच शपथेचा विचार करा. ओसीआयवर इथे मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. आणि काकांना गावच्या जमिनीची काळजी असेल, बहुतेक असणारच, तर त्यांना नीट समजावून सांगा की ओसीआयवाल्याला शेतजमीन नवीन विकत घेता येत नाही पण वारसाहक्काने आलेली ठेवता येते, त्यामुळे सातबाऱ्यावर त्याचं नाव लागायचं असेल तर ते लागू शकतं. तलाठ्याकडे जायच्या आधी एकदा चांगल्या वकिलाला कागद दाखवा.